सतरा चाव्या, पाच प्रती

महाडच्या स्टुडिओत मी कामाला लागलो तेव्हा काउंटरमागे एक पुठ्ठा टांगलेला असायचा. पासपोर्ट आठ प्रती, चार बाय सहा, पाच बाय सात, आठ बाय बारा, बारा बाय अठरा, आणि प्रत्येकासमोर भाव. इंच वाढले की पैसे वाढले. फोटोत नवरदेव असो, म्हैस असो, नाहीतर इन्शुरन्ससाठी काढलेली ठोकलेली मोटारसायकल असो, पुठ्ठा सगळ्यांना सारखा. मला तो फार आवडायचा. गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की मला आधीच घाम फुटतो. पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं की बोलायचं काम उरत नसे.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली. काढलं कोणी नाही, पण जूनमध्ये नाव घालायला घरातलं कोणी गेलं नाही, आणि मीही आठवण केली नाही. पुढे गावातला एक जण महाड एमआयडीसीत कंत्राटावर होता, त्याच्या मागून इकडे आलो. कारखान्यात केमिकल पावडरची पोती उचलायची. दोन वर्षांनी हाताची कातडी सोलून निघायला लागली आणि डॉक्टर म्हणाले, काम बदला. त्याच आठवड्यात गेटपाससाठी पासपोर्ट फोटो काढायला स्टुडिओत गेलो, तर दाराला ‘दुकानात माणूस पाहिजे’ असा कागद. फोटो काढून घेतला आणि तिथेच राहिलो. स्टुडिओच्या मालकांना मी काका म्हणतो. त्यांनी मला फोकस शिकवला, लोकांना हसवायला शिकवलं, आणि सहा वर्षांनी स्वतःचा जुना कॅमेरा हातात देऊन पोलादपुरात दुकान टाकायला लावलं. दसऱ्याला मी त्या कॅमेऱ्याला फूल वाहतो तेव्हा मनात देवापेक्षा काकाच जास्त असतात. लिहायला संकोच वाटतो, पण खरं आहे.

पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना बँकेच्या कामासाठी फोटो हवे होते आणि खाली उतरणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून मलाच वर बोलावलं. पांढरी चादर दोरीवर टाकून मी दिवसभर फोटो काढले. दुपारी एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, कमरेला पदर खोचलेला, हातात झाडू.

“कुठला रे तू?”

“हिंगोलीचा.”

“त्ये कुठं आलं?”

“लांब आहे. एक रात्र आणि वर अर्धा दिवस.”

“मग जेव आधी,” त्या म्हणाल्या. जणू मी आत्ताच तिथून चालत आलो होतो.

तेव्हापासून त्या माझ्या मावशी. महिन्यातून एकदा तरी मी वर जायचो. कधी कुणाचा फोटो द्यायला, कधी उगाच. इकडे ओळखी पुष्कळ झाल्या, पण न विचारता ताट वाढणारं घर ते एकच.

वाडीत तीसेक घरं, त्यातली सतरा वर्षभर बंद. माणसं मुंबईला. जाताना प्रत्येक जण चावी मावशींकडे ठेवून जातो. त्यांच्या घरात आतल्या भिंतीवर एक फळी आहे, तिला ओळीने खिळे, आणि खिळ्यांना चाव्या. एकीला लाल दोरा, एकीला बांगडीचा तुकडा, एकीला बाटलीचं बूच, एकीला कुठल्याशा बँकेची कीचेन. नाव कशावरच नाही. मावशींना लागत नाही. आठवड्याला एकेक घर उघडायचं, केर काढायचा, वाळवी बघायची, दोन तास दारं-खिडक्या सताड ठेवायच्या. याचे पैसे त्या घेत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “पैशे घेतले तर मंग सुट्टी कधी देतील मला?” आणि स्वतःच खूप हसल्या.

गेल्या हिवाळ्यात, भात झोडून झालं होतं तेव्हा, एका सकाळी मी त्यांच्या ओटीवर चहा पीत होतो. दारातून उजेड आत गेला आणि बरोबर त्या फळीवर पडला. चाव्यांच्या सावल्या भिंतीवर चाव्यांपेक्षा लांब. मावशींचा हात एक चावी काढायला वर गेला होता. मी बसल्या जागेवरून एकच फोटो काढला. त्यात त्यांचा चेहरा नाही. हात, बांगड्या, फळी, सतरा चाव्या, बस. तसा फोटो काढायला मला कोणी सांगितलं नव्हतं. तोपर्यंत कोणी न सांगता मी फारसं काही काढलंच नव्हतं.

काकांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो मोठा करून बघितला. मग म्हणाले, “महाडात काही हौशी लोक मिळून फोटोंचं प्रदर्शन लावतायत. तिथे हा द्यायचा.”

फॉर्म साधा होता. नाव, गाव, फोटोचं शीर्षक, आणि शेवटी रकाना: किंमत. मी पुठ्ठ्याप्रमाणे हिशोब केला. बारा बाय अठराची प्रिंट, फ्रेम, काच, पोलादपूर-महाड पेट्रोल. नऊशे लिहिले. काकांनी ते खोडलं.

“हे खर्चाचं झालं. किंमत कुठाय?”

“काका, मोठा करून घेऊ का? वीस बाय तीस केला तर जास्त लावता येतील.”

“इंच सोड रे आता,” ते वैतागले. “लग्नाच्या अल्बमचे आपण पैसे घेतो, कारण कोणीतरी काम सांगितलेलं असतं. हे काम तुला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून भावही कोणी सांगणार नाही. तुलाच ठरवावा लागेल.”

“पण किती?”

“जो आकडा सांगताना खोटं बोलतोय असं वाटणार नाही, तो लिही.”

दोन दिवस मी तो फॉर्म शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलो. जास्त लिहावं तर लोक म्हणतील, आठवी शिकलेला, दोन फोटो काढले आणि डोकं फिरलं. कमी लिहावं तर नऊशेचं नऊशेच राहील, आणि मीही तेवढ्याचाच. शेवटी एमआयडीसीत महिनाभर पोती उचलून जो पगार हातात पडायचा तो आठवला. बारा हजार. तेवढ्या पैशाला माझ्या लेखी वजन होतं, ते मी खांद्यावर उचललेलं होतं. तो लिहिला, फॉर्म दिला, आणि रस्ता ओलांडून लगेच परत आलो. खोडायला पेन मागितलं. फॉर्म घेणारे म्हणाले, “आता गेला हो तो आत.”

प्रदर्शनात तीन दिवस मी दाराजवळच उभा होतो, कोणी हसलं तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एक डॉक्टर बाई आल्या, निवृत्त झालेल्या, कोणा नातेवाइकाकडे महाडला आल्या होत्या. चाव्यांसमोर खुर्ची ओढून बसल्या. मग काकांनी मला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं.

“मला हा घ्यायचा आहे,” त्या म्हणाल्या. “याच्या किती प्रती काढणार आहात तुम्ही?”

मला वाटलं, बाईंना जास्त हव्या आहेत. बारा हजार देणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीतरी वर द्यायला नको? पासपोर्टला आठ देतो आपण. मी म्हणालो, “पाहिजे तेवढ्या, मॅडम! तुम्हाला तीन एक्स्ट्रा तशाच देतो. आणि पेन ड्राइव्हमध्ये फाइल पण टाकून देतो, कधीही काढून घ्या.”

काकांनी कपाळाला हात लावला.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर बसवून समजावलं. फोटो हजारदा छापता येतो, म्हणून छायाचित्रकाराने शब्द द्यायचा असतो की मी एवढ्याच प्रती काढीन. प्रत्येक प्रतीवर आकडा आणि सही. मग घेणाऱ्याला कळतं की आपल्याकडे आहे ते सगळीकडे नाही. “नाहीतर तुम्ही मला कॅलेंडर विकताय,” त्या म्हणाल्या. पाच प्रती ठरल्या. काकांच्या कॉम्प्युटरवर कागद तयार झाला: या छायाचित्राच्या फक्त पाच प्रती काढल्या जातील, याखेरीज कोणत्याही आकारात प्रत काढली जाणार नाही. मी सही केली. मग प्रिंटखाली पेन्सिलने एक भागिले पाच लिहून पुन्हा सही. आधी रद्दी कागदावर पंधरावीस वेळा करून बघितली होती.

त्या रात्री मी हिंगोलीला फोन लावून आईला सांगितलं. तिने विचारलं, “कोणाचा फोटो होता रे?” चाव्यांचा, म्हटलं. ती म्हणाली, “चाव्याच नाही का दिल्या त्यांना?”

पंधरा दिवस छान गेले. मग वाडीच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी प्रदर्शनातला फोटो टाकला, खाली किमतीच्या पट्टीसकट. मंडळाचे सेक्रेटरी एका सोसायटीत वॉचमन आहेत. त्यांचा फोन आला.

“फोटोवाले, काँग्रॅच्युलेशन! बारा हजार! आमच्या चाव्यांना एवढा रेट? आमच्या घरांना पण नाय मिळणार!”

मी हसलो. तेही हसले.

“बरं ऐका. सगळे ग्रुपवर मागतायत. लाल दोरेवाली माझी चावी हाय. सतरा घरं, सतरा कॉपी. छोट्या काढा, चालतील. शिमग्याला येऊ तेव्हा द्या.”

मी त्यांना कागदाचं सांगितलं, पाच प्रतींचं सांगितलं.

“म्हंजे पुण्याच्या मॅडमला भेटणार, आन् ज्यांच्या चाव्या त्यांना नाय? कोणी केलं असलं अ‍ॅग्रिमेंट? आम्हाला विचारलं व्हतं? आमची घरं बंद हायत हे साऱ्या दुनियेला दाखवलंत, त्याचं काय बोललो नाय आम्ही.”

ते म्हणत होते ते सगळं बरोबर होतं. बंद घरांचा विचार तर माझ्या डोक्यातही आला नव्हता. आजही मी वाडीचं नाव लिहीत नाही ते त्यामुळे.

त्यानंतर महिनाभर मी वर गेलो नाही. मोटारसायकल काढायचो, कापड्याच्या फाट्यापर्यंत जायचो आणि मागे फिरायचो. पुण्याला फोन करून विचारायचीही हिंमत होईना. कागदावर सही केली आहे, आता तोंड वर करून काय विचारायचं? आठवी शिकलेल्या माणसाला सहीची फार भीती असते. काहीही लिहिलेलं असो, खाली आपलं नाव आलं की ते दगडावर कोरलं असं वाटतं. एकीकडे त्या बाई, ज्यांनी मला पहिल्यांदा छायाचित्रकार म्हटलं. दुसरीकडे ते एक घर. आणि मी दुकानात बसून लोकांचे पासपोर्ट फोटो कापत होतो.

एका बाजाराच्या दिवशी वाडीतली एक पोरगी खत घ्यायला आली होती, तिने दुकानात डोकावून निरोप दिला: “मावशीनी सांगितलंय, फोटोची भानगड राहू दे, पण नाचण्याची भाकर करायची का नाय तेवढं सांग.”

मी शटर ओढलं आणि महाडला काकांकडे गेलो.

काकांच्या स्टुडिओच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या डोक्याच्या वर. त्या पाण्यात त्यांचे पस्तीस वर्षांचे निगेटिव्ह गेले. मी सगळं सांगितल्यावर ते त्या रेघेकडे बघत बोलले. “माझ्याकडे माझा एकही जुना फोटो नाही. जे उरलंय ते लोकांच्या घरात. मागच्या महिन्यात एका लग्नाला गेलो, तर तिथे पडवीत मी विशीत असताना काढलेला फोटो. मी त्याला हात जोडले, यजमानांना वाटलं मी देवाला नमस्कार करतोय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझा कागद बाईंनी एकटीने नाही केला. तूही होतास, मीही होतो. सांगायचं आपल्याला सुचलं नाही. आता सुचलंय तर सांग. फोन लाव. माझ्यासमोर लाव.”

लावला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मी एकदा चाव्या, एकदा शिमगा, एकदा भाकरी, असं काहीतरी उलटसुलट बोलत होतो.

“मला राग नाही आला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही द्यायलाच हव्यात त्यांना. पण मी पाचातली एक घेतली होती. बावीसांतली नाही. मग किंमत तीच कशी राहील?”

“बरोबर आहे, मॅडम.”

“तुम्ही सांगा, किती?”

पुन्हा मलाच. काकांकडे बघितलं, ते मुद्दाम लेन्स पुसत बसले होते. “सहा हजार,” मी म्हणालो. या वेळी आकडा खोडावासा वाटला नाही. का ते माहीत नाही. बहुतेक आता मला कळत होतं की उरलेले सहा कशात गेले.

“चालेल. आणि पुढच्या वेळी कागद कराल तेव्हा, फोटोत जे आहेत त्यांच्या प्रती पहिल्या ओळीत लिहा. मग खाली आमचं.”

सहा हजार मी तिथेच मोबाइलवरून परत पाठवले. काका म्हणाले, “अर्धेच गेले,” आणि चहा सांगितला.

शिमग्याला वाडी वेगळीच दिसते. पालखी दारोदार फिरते, तेव्हा घराला कुलूप असून चालत नाही. सतरा घरांपैकी बहुतेक उघडतात. गाड्या लागलेल्या, पोरं ओरडत पळणारी, ढोल. मी पिशवीत पाच बाय सातच्या सतरा प्रती घेऊन मावशींच्या ओटीवर चढलो. सेक्रेटरी तिथेच बसले होते, पायावर पाय टाकून, बाकीचे दहाबारा जण आजूबाजूला.

“आलास?” मावशी आतूनच ओरडल्या. “मला वाटलं हिंगोलीला पळालास!”

“फोटोवाले मोठे झाले आता,” सेक्रेटरी म्हणाले. “आपल्याकडं कशाला येतील?”

मी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वरचा फोटो काढला, लांब धरला, मग चष्मा वर करून जवळ धरला.

“काळा आलाय जरा,” ते म्हणाले. “माझी कुठं हाय?”

मी बोट ठेवलं. लाल दोरा.

ते बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून उघड्या दारातून आत बघितलं. फळीवर खिळेच खिळे. चाव्या घरोघरी गेलेल्या. जे लोक आले नव्हते त्यांच्या दोनच चाव्या लोंबत होत्या. ते पुन्हा फोटोकडे वळले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ही फळी भरलेली त्यांनी कधीच बघितली नव्हती. त्यांच्यातल्या कोणीच नाही. ते आले की चावी खिशात जाते, आणि परत टांगली की ते बसमध्ये असतात. दरवर्षी येणाऱ्या माणसांना ती भिंत अर्धीमुर्धीच माहीत होती.

“आम्ही नसताना असं असतं व्हय?” ते हळूच म्हणाले. टोमणा नव्हता तो.

फोटो हातोहात फिरायला लागले. “ही बूचवाली आमची.” “नाय गो, ती धाकट्यांची, आपली बांगडीची.” एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एका चावीवर नख ठेवून विचारलं, “ही कुणाची?” मावशी दारात येऊन म्हणाल्या, “तुमच्याच भावाची. बघा आत, तिथंच हाय अजून. सहा शिमगे झाले.” गृहस्थांनी आत बघितलं नाही. फोटो उलटा करून मांडीवर ठेवला आणि थोड्या वेळाने परत सुलटा केला.

उरलेल्यातली एक प्रत मी मावशींपुढे केली. त्यांनी ओले हात पदराला पुसले, बघितली, आणि परत दिली.

“मला काय करायची? मला रोज दिसतं.”

मग सेक्रेटरींकडे बघून म्हणाल्या, “त्यांना दे दोन. एक मुंबईच्या खोलीत लावा म्हणावं, दाराच्या आतल्या अंगाला. निघताना दिसंल असा.”

सेक्रेटरींनी दोन्ही प्रती घेतल्या, घडी पडू नये म्हणून बॅगेतला धुतलेला शर्ट उलगडला, त्यात नीट ठेवल्या आणि वर हात फिरवला. पालखीचा ढोल पलीकडच्या घराशी आला होता. सगळे उठून आपापल्या दारात उभे राहायला गेले.